गुडघ्याचं प्रगतिपुस्तक



सप्तशृंगी गडाच्या किंवा पांडवलेणीच्या पायऱ्यांवर उतरणाऱ्यांकडे कधी बघितलंय? चाळिशी-पन्नाशीतली कितीतरी माणसं कठड्याला धरून, आडवं पाऊल टाकत उतरतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "वय झालं, दुसरं काय!" मुलाच्या गणिताबद्दल "बरं आहे" एवढ्यावर आपण समाधान मानत नाही, गुण विचारतो. मग गुडघ्याचे गुण का नकोत?

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये ती झिजते आणि हळूहळू हाड, आवरण, स्नायू असा सगळा सांधाच बिघडतो. वय ४५ च्या पुढे, हालचालीने वाढणारं दुखणं आणि सकाळचा ताठरपणा असलाच तर अर्ध्या तासाच्या आत जाणारा, ही त्याची नेहमीची ओळख.

मोजायचं कसं? पहिला मार्ग एक्स-रे. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये दिलेली ० ते ४ ही श्रेणी आजही वापरतात. पण चित्र आणि दुखणं जुळतंच असं नाही. कुणाचा एक्स-रे खराब, तरी माणूस चालतोय; कुणाचा बरा, तरी जिना नकोसा.

म्हणून दुसरा मार्ग, माणसालाच विचारणं. 'कूस' नावाची प्रश्नावली १९९८ पासून वापरात आहे. तिच्यात ४२ प्रश्न आणि पाच विषय : वेदना, इतर लक्षणं, रोजची कामं, खेळ आणि जीवनमान. प्रत्येक उत्तराला ० (त्रास नाही) ते ४ (अतिशय त्रास) गुण. विषयवार सरासरी काढायची, तिला २५ ने गुणायचं आणि १०० मधून वजा करायचं. समजा, वेदनेच्या ९ प्रश्नांची बेरीज १२ आली. सरासरी १.३३, गुणिले २५ म्हणजे ३३. म्हणून गुण ६७. इथे १०० म्हणजे उत्तम गुडघा. पाच विषयांची बेरीज मात्र करायची नाही. प्रगतिपुस्तकासारखं प्रत्येक विषयाचं वेगळं बघायचं, म्हणजे नेमकं कुठे अडतंय ते कळतं. उकिडवं बसण्याचा प्रश्न यात आहे, मांडी घालून बसण्याचा नाही. तो आपण वहीत वेगळा लिहू.

तिसरा मार्ग घरचा. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. तोल जात असेल किंवा जास्त दुखत असेल तर करू नका.

एकदा मोजून काही कळत नाही. दर तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर, त्याच वेळी मोजा. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम चालू ठेवला तर आकडा सुधारू शकतो. वजन जास्त असेल तर तेही बघा : एका अभ्यासात एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असं दिसलं.

मात्र हे निदान नव्हे. गुडघा अचानक सुजला, लाल-गरम झाला, ताप आला किंवा अडकून बसला, तर मोजत बसू नका. थेट डॉक्टरांकडे जा.

आजचा गृहपाठ मुलांना नाही, आपल्याला : वही, घड्याळ, खुर्ची. आणि घरी "मला काही होत नाही" म्हणणारी आई असेल, तर तिचा आकडा आधी लिहा.