राधानगरीचा राजा

आमचे बिऱ्हाड भातसानगरला, शहापूर तालुक्यातल्या धरणाच्या वसाहतीत. मुंबईकरांच्या नळाला जे पाणी येते त्याचा जवळजवळ निम्मा वाटा या एका भातसा धरणाचा. आणि तरीही याच तालुक्यातल्या कितीतरी वाड्यापाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते! पाणी कोणाचे, आणि ते कोणाच्या दारी आधी जावे, हा प्रश्न त्यामुळे येथे राहणाऱ्याच्या मनातून सहसा जात नाही. या प्रश्नानेच मला एका राजाच्या चरित्राकडे वळवले. इतर राजांनी किल्ले बांधले, वाडे बांधले. हा राजा धरण बांधायला निघाला होता. ते म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला. वय अवघे एकोणीस! पुढे दोनच वर्षांत दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेग आला. रयतेचे हाल या तरुण राजाने डोळ्यांनी पाहिले. भोगावती नदी अडवण्याची जी योजना त्यांनी पुढे हाती घेतली, तिचे मूळ या दुष्काळात आहे. १९०९ च्या सुमारास काम सुरू झाले. धरणाजवळ वसवलेल्या गावाला त्यांनी आपल्या लाडक्या कन्येच्या, राधाबाईंच्या, नावावरून राधानगरी हे नाव दिले.

पण पाणी अडवून भागणार नव्हते. विद्या, नोकरी आणि जमीन यांचे पाटही पिढ्यान्‌पिढ्या काही ठराविक घरांकडेच वाहत होते. १९०१ सालापासून महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडून दिली. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानच्या नोकरीतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले.

सर्वांत अवघड काम होते वतनांचे. येथे मला एका फार जुन्या सम्राटाची आठवण होते. जपानात इ. स. ६४५ मध्ये कोतोकू नावाचा सम्राट गादीवर आला. त्या काळी जमीन आणि तीवर राबणारी माणसे मोठमोठ्या घराण्यांची खाजगी मालमत्ता असे. कोतोकूच्या दरबाराने ६४६ साली हुकूम काढून ही खाजगी मालकी रद्द केली. गाऱ्हाणे मांडण्यासाठी दरबारात एक पेटी ठेवली आणि एक घंटा टांगली. पेटीत टाकलेल्या अर्जाची दाद लागली नाही, तर अर्जदाराने खुशाल घंटा वाजवावी! राजा आणि प्रजा यांच्यामधली भिंत काढावयाची, हा त्यामागचा विचार.

शाहू महाराजांनी १९१८ साली नेमके हेच केले. कुलकर्णी वतने रद्द करून त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले. महार वतन तर वतन कसले, वेठच ती! जमिनीचा एक तुकडा, त्याच्या बदल्यात सगळ्या घराने गावाची आणि सरकारची पडेल ती कामे करावयाची. तेही वतन त्यांनी मोडले. फरक मात्र पाहण्यासारखा आहे. जपानात जमीन घराण्यांकडून सम्राटाकडे गेली. कोल्हापुरात वतनाची जमीन त्या महार कुटुंबांच्याच नावे झाली.

यामुळे दुखावलेले लोक थोडे नव्हते. टीका झाली, निंदा झाली. महाराज मागे हटले नाहीत. पैशाअभावी धरणाचे काम मात्र १९१८ च्या सुमारास थांबले. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईत महाराजांचे निधन झाले. धरण पुरे झाले ते देश स्वतंत्र झाल्यानंतर. भरलेले राधानगरी त्यांना पाहावयास मिळाले नाही.

हुकुमाने कायदा बदलतो, मन बदलत नाही, हे महाराज पुरते ओळखून होते. त्यांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांनी हौदाच्या पाण्याला हात लावला, म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारले, अशी हकीकत सांगतात. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांनी पुढे कोल्हापुरात चहाचे दुकान काढले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज त्या रस्त्याने जाताना भर रस्त्यात आपली गाडी थांबवीत, गंगारामांकडून चहा मागवून घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यावयास लावीत. छत्रपतींनी घेतलेला चहा नाकारण्याची कोणाची छाती होती?