केर उचलणें आणि केर कमी करणें

नगरपरिषदेच्या केरकचऱ्याविषयीं नागरिकांचें गाऱ्हाणें बहुधा एकच असतें: घंटागाडी वेळेवर येत नाहीं. गाऱ्हाणें रास्त असेल; परंतु गाडी वेळेवर आली म्हणजे प्रश्न मिटला असें समजणें ही मोठी भूल होय. गाडी केर नाहींसा करीत नाहीं. ती तो एका जागेवरून दुसऱ्या जागीं नेते. मुंबईनें १९२७ पासून देवनार येथें हेंच केलें, आणि २०१६ च्या जानेवारींत तो डोंगर पेटला तेव्हां त्याच्या धुरानें महानगर कोंडलें. पुसदचा केर त्यापुढें अल्प खरा. पण पूस नदीही लहानच आहे, आणि तिच्या कांठीं जें पडेल तें पहिल्या पुरासरशी पैनगंगेची वाट धरणार.

कायद्याची स्थिति संदिग्ध नाहीं. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानें सफाई हें नगरपरिषदेचें आवश्यक कर्तव्य ठरविलें. हा कायदा झाला तेव्हां मुख्यमंत्रिपदीं कै. वसंतराव नाईक होते, आणि तेच १९४६ सालीं याच पुसदच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले होते. (ही गोष्ट पुसदकरांस भूषणावह आहे, पण भूषण मिरविल्यानें उकिरडा हलत नाहीं.) पुढें श्रीमती अलमित्रा पटेल यांनीं १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, त्या खटल्याच्या ओघांत २००० चे नियम झाले व त्यांच्या जागीं ८ एप्रिल २०१६ चे आले. त्यांनीं ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग घरींच निराळे करण्याचें बंधन घातलें, आणि एक लाखाहून कमी वस्तीच्या गांवांस प्रक्रियेची सोय करण्यास तीन वर्षांची मुदत दिली. २०११ च्या शिरगणतींत पुसदची वस्ती सत्तर हजारांवर होती. अर्थात् आमची मुदत २०१९ च्या एप्रिलांत भरली. मुदत संपल्यानें कर्तव्य संपत नाहीं. तें थकबाकी होऊन बसतें, हें व्यापाऱ्यांस सांगणें नलगे.

गृहिणी म्हणतील, आम्ही ओलें-सुकें निराळें करूं, पण गाडींत सारें एकत्रच पडतें, मग हा उपद्व्याप कशास? कित्येक गांवीं असें घडतें, आणि जेथें घडतें तेथें दोष घराचा नाहीं. गाडीला दोन कप्पे नसतील तर घरांत दोन डबे ठेवावयास सांगणें ही थट्टा होय. त्याहून सूक्ष्म दोष ठेक्याचा आहे. जेथें ठेकेदारास वजनावर पैसे मिळतात, तेथें केर कमी झाला कीं त्याचें उत्पन्न कमी होतें! भिजलेला, मिसळलेला, दगडमातीनें जड झालेला केर त्यास प्रिय वाटला तर नवल काय? नगरपरिषदेनें ठेका देतांना वजनाऐवजीं निराळा करून आणलेल्या केरावर मोबदला ठरविला, तर एका कलमानें जें साधेल तें शंभर फलकांनीं साधणार नाहीं.

हें होण्यासारखें आहे काय, अशी शंका घेणारांनीं सिंधुदुर्गांतील वेंगुर्ल्याकडे पाहावें. गांव पुसदहून पुष्कळ लहान, धनाढ्य नव्हे. तेथील नगरपरिषदेनें घरोघर वर्गीकरणाचा आग्रह धरिला. ओल्या केरापासून खत व वायु निर्माण केला, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांत घातला, आणि जेथें केर फेंकीत त्या जागेस स्वच्छ भारत पर्यटन स्थळ असें नांव देऊन ती पाहुण्यांस दाखविण्याजोगी केली. हिंदुस्थानांतील शहरी केरापैकीं वजनानें निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. तो घरीं वा वॉर्डांत कुजविला तर गाडीचा अर्धा भार वांचला. आणि कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या या तालुक्यांत चांगल्या खतास गिऱ्हाईक मिळणार नाहीं असें कोण म्हणेल? पहिला प्रयोग आठवडी बाजाराच्या भाजीपाल्यावर करावा. तो केर एका ठिकाणीं, एका दिवशीं, बहुतेक निर्भेळ मिळतो.

आतां दोन शब्द आमच्या व्यापारी वाचकांस. राज्य सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास पांच हजार, दुसऱ्यास दहा हजार रुपये दंड ठरला. केंद्र सरकारनें १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून टाकण्याच्या कित्येक वस्तु बंद केल्या. तरीही दुकानांत पिशवी मागतांच मिळते. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीति खोटी नव्हे. पण ती एकेकट्या दुकानदाराची भीति आहे. बाजारपेठेंतील सर्वांनीं एका तारखेस एकत्र बंद केलें तर गिऱ्हाईक जाणार कोठें? कापडी पिशवी घेऊन बाजारास जाणें ही कांहीं विलायती सुधारणा नव्हे. आमच्या आजोबांची तीच रीत होती.

परकी अंमल असतां नगरपालिकेच्या प्रत्येक दोषाचें खापर परक्यांच्या माथीं फोडतां येई. आतां ती सोय उरली नाहीं. शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं याच वऱ्हाडांत हातीं खराटा घेतला तो कोणाच्या ठरावाची वाट न पाहतां. पण नगरपरिषदेस ठराव करावाच लागतो, कारण पैसा लोकांचा आहे. म्हणून आमची मागणी नेमकी आहे. येत्या अंदाजपत्रकांत केर वाहून नेण्याचा खर्च व केर कुजविण्याचा खर्च अशा दोन रकमा शेजारीं शेजारीं छापाव्या, निराळा करून आलेल्या केराचा मासिक हिशेब वॉर्डवार फलकावर लावावा, आणि हातानें घाण निवडणाऱ्या सफाई कामगारांच्या हातमोज्यांची तरतूद कोणत्या सदरांत आहे, तेंही त्याच पानावर सांगावें.