थोरातांचा कोरिया आणि जांबचा तरुण

सप्टेंबर १९५३. कोरियाच्या निर्लष्करी पट्ट्यात, काटेरी तारांच्या आत, चिनी युद्धकैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला पकडून ठेवलं होतं. बाहेर भारतीय जवान बंदुका सरसावून उभे. गोळी सुटली असती तर कैदी मेले असतेच, शिवाय नुकताच झालेला कोरियाचा युद्धविरामही धोक्यात आला असता. मेजर जनरल एस. पी. पी. थोरात मोजके सहकारी घेऊन निःशस्त्र आत गेले. बाचाबाची झाली, धक्काबुक्कीही झाली. मग थोरातांनी वेगळाच विषय काढला: चिनी माणसं पाहुणचारासाठी प्रसिद्ध, आणि इतका वेळ झाला तरी साधा चहा नाही, सिगारेट नाही? वातावरण निवळलं. सिगारेट आली, चहा आला आणि ग्रेवाल सुटले.

थोरात मूळचे कोल्हापूर भागातल्या वडगावचे. मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांहून अधिक कैदी त्यांच्या सैन्याने सांभाळले. दक्षिण कोरियाने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल टाकू द्यायलाच नकार दिला होता, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट पट्ट्यात उतरवावं लागलं. दोन्ही बाजू संशयाने बघत असताना कुणाचीच बाजू न घेणं, हे शांतिरक्षणाच्या कामातलं सर्वांत अवघड कसब.

आज हे काम केवळ फौजेचं राहिलेलं नाही. युद्धाने मोडकळीस आलेल्या देशात न्यायालयं, मतदारयाद्या, पोलीस ठाणी पुन्हा उभी करावी लागतात. बंदूक टाकणाऱ्या तरुणाला रोजगार द्यावा लागतो. म्हणून वकील, अभियंते, डॉक्टर, दुभाषे, हिशेबनीस असे सगळेच लागतात. लायबेरियात २००७ मध्ये भारताने केवळ महिलांची पोलीस तुकडी पाठवली. २०१६ पर्यंत एकामागून एक तुकड्यांनी तिथे गस्त घातली आणि त्यांना पाहून तिथल्या मुलीही पोलिसात जाऊ लागल्या. नोकरी मात्र बहुधा कंत्राटी, घरापासून दूर आणि जिवाला धोका असलेली. यजमान देशाने नको म्हटलं की संयुक्त राष्ट्रांची मोहीमच गुंडाळली जाते. २०२३ मध्ये मालीत तेच झालं.

समर्थ रामदासांचं जन्मगाव असलेल्या जांब समर्थच्या मुलाला किंवा मुलीला हे सारं फार लांबचं वाटेल. पण या कामाचा पहिला धडा गावाच्या घनसावंगी तालुक्यातही गिरवता येतो. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, १५ ऑगस्ट २००७ ला, राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने नेमलेली समिती बांधाचा, वाटणीचा, रस्त्याचा वाद दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून मिटवते. निकाल लादायचा नाही, तडजोड घडवायची. अशा बैठकीत कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा शब्द दोघंही मानतात, हे टिपायला शिकलेला तरुण परक्या देशातही तेच शोधेल.

पुढची वाट अभ्यासाची आहे: कायदा, राज्यशास्त्र किंवा समाजकार्य, मग एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम नवख्यांसाठी चांगलं दार आहे. जोडीला फ्रेंच शिकावी, कारण काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या मोहिमांमध्ये ती रोज लागते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकता येते.