रोजचं दुखणं, रोजची गोळी

जुन्या रस्त्याने पुण्याला गेलेल्या कुणालाही बोरघाटातला अमृतांजन पूल आठवत असेल. १८३०च्या सुमाराला इंग्रजांनी बांधलेल्या या दगडी पुलाचं बारसं लोकांनी तिथे झळकणाऱ्या बामच्या जाहिरातीवरून केलं. टाळेबंदीत रस्ता मोकळा सापडला तेव्हा, एप्रिल २०२० मध्ये, तो सुरुंग लावून पाडला. ज्या बामचं नाव त्याला मिळालं तो जन्माने मुंबईकर. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत तो विकायला सुरुवात केली आणि खप वाढावा म्हणून संगीताच्या मैफलींत त्याच्या डब्या फुकट वाटल्या. त्यात गायकांविषयी काही सुचवायचं नसावं. १९१४ मध्ये कंपनी मद्रासला गेली, पण मराठी घरांतल्या फडताळातून ती बाटली काही हलली नाही.

बामने सहसा कुणाचं नुकसान होत नाही. मेंथॉल आणि कापराने कपाळाची कातडी गार पडते, थोडा वेळ लक्ष दुखण्यावरून उडतं. अधूनमधून दुखणाऱ्या डोक्याला एवढं पुष्कळ झालं. प्रश्न आहे तो रोज दुखणाऱ्या डोक्याचा.

रोज म्हणजे किती? महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस आणि तेही तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ, अशी वैद्यकातली व्याख्या आहे. शेजारच्या कर्नाटकात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात कधी ना कधी डोकं दुखलेली प्रौढ माणसं जवळजवळ ६४ टक्के निघाली. मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी, सुमारे २५ टक्के लोकांना होती. महिन्याचे पंधरा दिवस डोकं धरून बसणारे शंभरात तीन होते. एखाद्या मध्यम आकाराच्या सोसायटीत असे दहाजण सहज असतील आणि त्यातले आठ तरी कामावर गेलेले असतील.

हे दुखणं दिसत नाही, हीच त्यातली मोठी अडचण. पाय मोडला तर लोक खुर्ची देतात. ‘डोकं दुखतंय’ हे मात्र शाळा बुडवण्यापासून लग्नाची बोलणी टाळण्यापर्यंत सगळीकडे वापरून गुळगुळीत झालेलं निमित्त आहे, त्यामुळे खरोखर दुखणाऱ्यालाही ते सांगताना ओशाळल्यासारखं होतं. मायग्रेन बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. घरोघरी ‘तिचं नेहमीचंच आहे’ असं म्हणून ज्यांची बोळवण होते, त्यात आया, सुना आणि शिक्षिकाच जास्त का, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. उरलेलं निम्मं, त्यांना अंधारात पडून राहायला कोण देतं, या प्रश्नात.

मेंदूला स्वतःला दुखत नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करता येते ती म्हणूनच. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं, रक्तवाहिन्या, डोक्यामानेचे स्नायू आणि त्यांची खबर नेणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं. हे जाळं काहींचं जन्मतःच हळवं असतं. रोजच्या डोकेदुखीचं कारण शोधायचं तर एकच एक गुन्हेगार पकडायच्या नादाला लागू नये. खाली मूळ प्रवृत्ती असते, बहुधा मायग्रेनची किंवा ताणाच्या डोकेदुखीची, आणि वर वर्षानुवर्षांचे थर चढलेले असतात. त्यातला सगळ्यात जाड थर पुष्कळदा औषधाचाच असतो. पण तिथवर कुणी पोचत नाही, कारण त्याआधीच दुखण्याला घरगुती नाव मिळून गेलेलं असतं.

पहिलं नाव पित्त. सकाळपासून एक कानशील ठणकतं, उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर अजिबात नको. दुपारी भडभडून उलटी होते, झोप लागते आणि संध्याकाळी माणूस ताजातवाना. ‘पित्त पडलं, मोकळं झालं’ असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात हे मायग्रेनचं जवळजवळ पुस्तकी वर्णन आहे. मळमळ आणि उलटी हा त्याच झटक्याचा भाग. त्या वेळी पोटाचं काम मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळीही नीट लागू पडत नाही. उलट्या होतात म्हणून डोकं दुखतं असा समज करून घेऊन माणसं वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्या आणि मोरावळा खात राहतात. मोरावळा चांगलाच लागतो, तो भाग वेगळा.

दुसरं नाव सायनस. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतः किंवा डॉक्टरांनी ‘सायनसची डोकेदुखी’ ठरवलेले जवळजवळ तीन हजार लोक तपासले. त्यांतल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या जातीची निघाली. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गालाची हाडं दुखतात. घट्ट पिवळा शेंबूड आणि ताप नसेल तर सायनसवर खापर फोडायची घाई करू नये. चष्म्याचा नंबर आणि बीपी या उरलेल्या दोन नावांचं काम थोडक्यात उरकतं. नंबर चुकल्याने वाचनानंतर डोळे जड होतील, पण पहाटे उलट्यांसह डोकं ठणकणार नाही. आणि रक्तदाब १८०/१२०च्या आसपास अचानक चढला तर डोकं दुखतं, १५०/९०ने नाही. उलट डोकं ठणकत असताना मोजलेला दाब त्या दुखण्यानेच थोडा वर गेलेला असू शकतो.

आता गोळीकडे. त्यासाठी स्वीडनमधल्या हुस्कवार्ना या कारखान्याच्या गावी जायला हवं. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तिथल्या यॉर्टन नावाच्या डॉक्टरांनी एक पूड दिली. त्यात फिनॅसिटिन, फिनॅझोन आणि कॅफीन होतं. साथ गेली, पूड राहिली. कामगार ती कामाचा वेग टिकवायला, थकवा घालवायला आणि डोकं दुखू नये म्हणून रोज घेऊ लागले. वाढदिवसाला तिची पाकिटं भेट देण्याची रीतही पडली. पुढे त्या गावात मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं मरू लागली, तेव्हा पुडीवर संशय गेला. १९६३ मध्ये ग्रिमलुंड या डॉक्टरांनी त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. मूत्रपिंडांचा दोष फिनॅसिटिनवर आला आणि ते जगभरातून बाद झालं. पण मला या गोष्टीतली वेगळी बाजू मोलाची वाटते. या माणसांना पूड न घेता दिवस काढताच येईना, कारण न घेतलेल्या दिवशी डोकं हमखास दुखायचं.

त्याच्याही आधी अमेरिकेत, मेयो क्लिनिकमध्ये, पीटर्स आणि हॉर्टन यांनी मायग्रेनवरच्या एर्गोटामिन या औषधाबाबत हेच पाहिलं होतं. रोज औषध घेणाऱ्यांचं डोकं रोज दुखत होतं आणि औषध तोडल्यावर, काही वाईट दिवस गेल्यानंतर, दुखणं कमी झालं होतं. आज या प्रकाराला औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी असं स्वतंत्र निदान आहे. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारख्या साध्या वेदनाशामकांसाठी महिन्याला पंधरा दिवस ही सीमा. एर्गोटामिन, मायग्रेनवरचीच ट्रिप्टान गटातली औषधं, ट्रॅमॅडॉलसारखी अफूच्या जातीची औषधं आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या यांच्यासाठी फक्त दहा दिवस. तीन महिन्यांहून जास्त काळ ही सीमा ओलांडली की धोका. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एका दिवशी तीन घेतल्या तरी दिवस एकच धरतात, पण रोज अर्धी घेतली की तीस दिवस भरले.

मेडिकलमध्ये सुटी मिळणारी, डोकेदुखीची म्हणून ओळखली जाणारी गोळी बहुतेक वेळा अशी एकत्र केलेलीच असते. सॅरिडॉनमध्ये प्रोपिफिनॅझोन, पॅरासिटामॉल आणि कॅफीन आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सरकारने ज्या ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली त्यांत तीही होती, मग सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विक्रीला मुभा दिली. अशी गोळी कधीमधी घेण्याला हरकत नाही. ‘लग्नाला जायचंय, आधीच एक घेऊन ठेवते’ ही सवय मात्र पंधरवड्यातच सीमेपाशी आणून सोडते. गंमत अशी, की गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्या आजोबांना डोकेदुखीची मूळ प्रवृत्ती नसेल तर हा त्रास सहसा होत नाही. ज्याचं डोकं आधीच हळवं, त्यालाच हा फास बसतो.

कॅफीनचा संबंध चहाशीही येतोच. दिवसाला दोनशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन पोटात जायची सवय असेल आणि ते एकदम बंद झालं, तर चोवीस तासांत डोकं दुखू लागतं. पुन्हा घेतलं की तासाभरात थांबतं, नाही घेतलं तर आठवड्याच्या आत आपोआप विरतं. हरतालिकेचं उदाहरण घ्या. अन्न नाही, पाणी नाही, चहा नाही आणि वर जागरण. मायग्रेनवालीला त्रास द्यायला यातलं एकेकही पुरेसं असतं.

आपल्याला यातलं नेमकं काय बाधतं ते कळावं म्हणून वही. साधी, दुकानातून मिळालेली कालनिर्णयाच्या मापाची दिनदर्शिकाही चालेल. दुखलं तो दिवस, किती तास, कुठली गोळी, जेवण केव्हा, झोप किती, पाळीची तारीख. दोन महिन्यांच्या नोंदींतून जे दिसतं ते कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. आपल्याकडच्या कारणांपैकी एक तर अशाच बारकाईने टिपलं गेलं आहे. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ‘सेफलाल्जिया’ या नियतकालिकात ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं मांडली. या सगळ्यांचं डोकं डोक्यावरून न्हाल्यावर उठायचं. लांब ओले केस बांधून कामाला लागणाऱ्या बायका हे पिढ्यान् पिढ्या सांगत होत्या, त्यांचं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

वहीत न बसणारी कारणंही असतात. घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या माणसाचं डोकं रोज सकाळी दुखून काही तासांत थांबत असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते पाहावं. थंडीत बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे, किंवा धूर कोंडणाऱ्या शेगडीमुळे, कार्बन मोनॉक्साइड साचतो. घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखतं आणि बाहेर पडलं की थांबतं, ही त्याची खूण, आणि तिथे बाम लावत बसणं जिवावर बेतू शकतं. वजन वाढलेल्या तरुण मुलीला वाकलं की क्षणभर अंधारी येत असेल, कानात नाडीसारखा आवाज येत असेल, तर कवटीतला दाब वाढलेला असू शकतो. मुरुमांसाठीच्या काही गोळ्यांनीही तो वाढतो. काहींना तर डोकेदुखी सुरू झाल्याची तारीखच पाठ असते, कारण त्या दिवसापासून ती थांबलेलीच नसते. १९८६ मध्ये कॅनडातल्या व्हॅनास्ट यांनी हा प्रकार पहिल्यांदा वर्णन केला आणि तो आजही हट्टी आहे.

थांबू नये अशाही काही वेळा आहेत. क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी. ताप आणि मान आखडणं. हातापायाची शक्ती जाणं, बोलणं अडखळणं. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं, विशेषतः घास चावताना जबडा दुखत असेल तर. आपल्याकडे आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. बारीक ताप आणि आठवडेच्या आठवडे वाढत जाणारी डोकेदुखी क्षयाच्या मेंदूज्वराची असू शकते. आणि बाळंतपणानंतर किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असताना सुरू झालेल्या डोकेदुखीत मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली आहे का ते तातडीने पाहावं लागतं. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतलेली गोळीही डॉक्टरांना सांगायची.

यातलं काहीच नसेल तर एमआरआय बहुधा स्वच्छ येतो आणि पेशंट निराश होतो. खरं तर काम तिथून सुरू होतं. प्रतिबंधक औषध रोज, ठरावीक काळ घ्यायचं असतं आणि त्याचा गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. मेडिकलवाला सांगतो, ‘ही तर डिप्रेशनची’, ‘ही फिटची’, ‘ही बीपीची’. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट आणि प्रोप्रॅनोलॉल यांच्याबद्दल तो खोटं बोलत नाही, पण ही तिन्ही डोकेदुखी रोखण्यासाठीही वापरतात. एवढं पेशंटला आधी कुणी सांगत नाही आणि तिसऱ्या दिवशी औषध कपाटात जातं.

वेदनाशामक तोडायचं ते डॉक्टरांना विचारूनच. साध्या गोळ्या एकदम बंद करता येतात, ट्रॅमॅडॉलसारखी औषधं किंवा झोपेच्या गोळ्या हळूहळू उतरवाव्या लागतात. पहिले दोन ते दहा दिवस वाईट जातात. दुखणं वाढतं, मळमळतं, झोप उडते, घरच्यांवर राग निघतो, त्यामुळे त्यांना आधी कल्पना दिलेली बरी. पुढे तातडीची गोळी आठवड्यातून दोन दिवसांपलीकडे जाऊ द्यायची नाही. परीक्षा, पाहुणे किंवा कार्य तोंडावर असताना हे सुरू करण्यात अर्थ नसतो. फराळ, फटाक्यांचा धूर आणि जागरणं यांतही नाही. भाऊबीज ते तुळशीचं लग्न हा दहा-बारा दिवसांचा टप्पा त्यातल्या त्यात सोयीचा, एकदा लग्नसराई लागली की पुन्हा महाशिवरात्रीपर्यंत सवड मिळत नाही.