समाधान कोणाच्या खर्चाने?

नगर-मनमाड रस्त्याने जाताना प्रवरेचा पूल लागतो. नदीच्या एका अंगाला राहुरी तालुक्यातले कोल्हार खुर्द, दुसऱ्या अंगाला राहाता तालुक्यातले कोल्हार बुद्रुक. बाहेरच्या माणसाला कोल्हार माहीत असते ते भगवतीच्या देवळामुळे, नाहीतर लोणी-संगमनेरवरून घोटीला आणि बेलापूरवरून श्रीरामपूरला जाणारे रस्ते इथे फुटतात म्हणून. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनाचा इतिहास लिहायचा झाला, तर त्याची बरीच सामग्री या फाट्याच्या आसपासच सापडेल. दक्षिणेला राहुरी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे काही कसोटीचे दिवस तिथे गेले. पूर्वेला हरेगाव आहे, मतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्या, यात्रेचे. पश्चिमेला संगमनेर आहे, कॅथलिक मिशनचे जुने ठाणे. श्रद्धेने माणसाला समाधान मिळते, असे सगळेच धर्म सांगतात आणि सगळ्यांचेच भाविक तशी साक्ष देतात. साक्षीबद्दल तक्रार नाही, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. हे समाधान कशाचे, ते टिकते कशावर आणि त्याची किंमत कोण मोजते, हे विचारावे लागते. या टापूतला पुरावा पाहून माझे मत असे झाले आहे की, ख्रिस्ती समाधान खरे असेल तर ते स्वतःच्या वाट्याबद्दल निवांत असते आणि दुसऱ्याच्या वाट्याबद्दल बेचैन. यातली दुसरी बाजू गळाली की उरते ती नुसती सोय.

इतिहास थोडक्यात उरकतो. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू केले आणि १८३१ मध्ये नगरला ठाणे दिले. मिशनचे नियतकालिक ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरातूनच निघू लागले. सिंथिया फॅरार या मिशनरी बाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. पुढे जेझुइट फादर आले आणि राहुरी, संगमनेर, श्रीरामपूरकडच्या खेड्यांतून कॅथलिक धर्मग्राम उभे राहिले. ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजातले होते; उच्चवर्णीय मोजके, पण लिहिते असल्यामुळे त्यांचा आवाज मोठा. हा असमतोल ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

आता मूळ कल्पनेकडे येऊ. प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, पत्र लिहिले तेव्हा तो कैदेत होता. कोणत्याही स्थितीत तृप्त राहायला आपण शिकलो आहोत, विपुलता कशी सोसावी आणि टंचाई कशी सोसावी हे दोन्ही आपल्याला ठाऊक आहे, अशा आशयाचे तो त्या पत्राच्या शेवटी लिहितो. एवढाच भाग उचलला तर तो स्टोइक तत्त्वज्ञांसारखा वाटतो: कशाची गरज ठेवू नका, म्हणजे दुःखही होणार नाही. पण हा मजकूर आला आहे तो आभाराच्या ओघात. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत नावाच्या माणसाहाती त्याला मदत पाठवली होती, आणि ती पोहोचल्याचा आनंद तो मोकळेपणाने व्यक्त करतो. स्टोइकाला कोणाचे देणे घेताना कमीपणा वाटला असता. पौलाला वाटत नाही. त्याची तृप्ती एकट्याने कमावलेली नाही. ती ख्रिस्तावर भार टाकून आलेली आहे, म्हणून भावंडांच्या हातून घ्यायला तिला लाज नाही आणि जवळचे देऊन टाकायला भीती नाही. शिवाय तो ‘शिकलो’ म्हणतो. म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर हे समाधान अंगावर पडत नाही. ते वर्षानुवर्षे, खरचटत शिकावे लागते.

हे शिकणे मराठीत सर्वांत जवळून कुठे दिसत असेल, तर ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. १९३४ पासून भागाभागाने आलेल्या या पुस्तकाला आपण वाङ्मयाच्या फडताळात ठेवून मोकळे झालो: साधी भाषा, निर्मळ विनोद, अभ्यासक्रमात दोन उतारे. माझ्या मते श्रद्धा आणि समाधान यांचा असा परखड ताळेबंद मराठीत दुसरा नाही, कारण इथे संताचे चरित्र त्याच्या बायकोने लिहिले आहे. टिळकांची बाजू आधी पाहू. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या पावलाने त्यांना काही मिळवून दिले नाही. आप्त गेले, प्रतिष्ठा गेली, बायको-मुलगा दुरावले. नगरला मिशनचे काम सुरू झाल्यावरही पैसा त्यांच्या हाती ठरला नाही. मागणारा आला की ते देत, आणि देऊन झाल्यावर अगदी तृप्त असत. ‘अभंगांजली’ या त्यांच्या अभंगसंग्रहातली शांती पोकळ नव्हती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ मांडला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले, तेव्हा मागे मालमत्ता म्हणावी असे काही नव्हते.

मात्र ज्या घरातला पैसा असा बाहेर जाई, त्या घरात चूल लक्ष्मीबाईंना पेटवायची होती. नवऱ्याचे समाधान बायकोच्या डब्यातल्या पिठातून वजा होत होते, हे त्या कुठेही भाषण न देता दाखवतात. त्या चिडतात, भांडतात, युक्त्या करून चार पैसे राखतात, आणि त्याच पानावर स्वतःची फजितीही सांगतात. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या चार-पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे मुलासह त्या नगरकडे आल्या, पण सोवळे-ओवळे सांभाळून, स्वयंपाक निराळा ठेवून. नवऱ्यामागे फरफटत जाऊन त्यांनी धर्म बदलला नाही. आधी विचार करता करता जातिभेद हे माणसाचेच करणे असल्याचे त्यांना पटले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. ख्रिस्ती होणे त्यानंतर आले, १९०० मध्ये. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. जिच्या पाण्याला, भांड्याला, पदराला विटाळाचा धाक होता, त्या बाईचा तो धाक आधी गेला. समाधानाची पहिली पायरी इथे सुटकेची आहे. मन:शांतीचा नंबर नंतर लागतो.

तेच दिवस छप्पनच्या दुष्काळाचे, म्हणजे शके नव्हे तर संवत १९५६चे. इसवी सन १८९९-१९००. टिळकांच्या घरात दुष्काळात पोरकी झालेली मुले आली. कालपर्यंत सोवळ्यात असलेली बाई त्या मुलांच्या उवा, खरूज, जेवणखाण पाहू लागली. पुढे प्लेगच्या काळात आजाऱ्यांची शुश्रूषा आली. त्यागाचे मोठे मोठे शब्द लक्ष्मीबाई वापरत नाहीत. त्यांचा विनोद मात्र याच काळात अधिक मोकळा होतो, आणि समाधानाचा याहून चांगला पुरावा कोणता असेल? कुढणाऱ्या माणसाला स्वतःवर हसता येत नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ या ख्रिस्तचरित्रावरच्या काव्याचे पहिले दहा-अकरा अध्याय लिहून ठेवले होते, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले. थोडे विषयांतर करतो, कारण नगरचे नाव निघाले की ते टळत नाही. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा कोवळा कवी, म्हणजे बालकवी, पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंच्या मायेत वाढला. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांनी तसे व्हावे म्हणून त्यांना तिथे ठेवलेही नव्हते. घरात नाही नाही म्हणताना आणखी एक पान वाढले जाते, आणि वाढणारी आता कुरकुरत नाही. टिळकांचे समाधान त्या दिवशी पुरे झाले असे मी म्हणेन, कारण ते एकट्याचे राहिले नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे टिळकांसारख्यांचे झाले; बाकीचे पोटासाठी बाटले. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनकडे आलेल्यांची संख्या वाढली, हे खरेच आहे आणि ते झाकायचे कारण नाही. मात्र भुकेने दार ठोठावण्याचे कारण कळते, चार पिढ्या आत राहण्याचे कळत नाही. उलट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतर पोटाचा हिशेब फिरला. अनुसूचित जातीचा दर्जा त्या आदेशाने हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती माणसाला नाही. म्हणजे नोकरी, शिष्यवृत्ती, राखीव जागा यांचा विचार केला तर गेली पाऊणशे वर्षे दलित कुटुंबाला ख्रिस्ती राहणे परवडणारे नाही. काहींनी कागदावर एक आणि उपासनेला दुसरे अशी वाट काढली. तीही माझ्या म्हणण्याला बाधत नाही. कागदाला धर्म नको असताना दर रविवारी ख्रिस्तमंदिराची पायरी चढणाऱ्याला तिथे भाकरीखेरीज काहीतरी मिळत असले पाहिजे.

दुसरा आक्षेप जड आहे, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी असे बोट ठेवले की, माणसाच्या पतनाचे मूळ भोवतालच्या समाजरचनेत न पाहता आदिपापात पाहायला शिकवले, तर अन्यायाविरुद्ध लढण्याची धारच जाते. मार्क्सने १८४४ मध्ये धर्माला अफू म्हटले होते. बाबासाहेबांचे निरीक्षण त्याहून नेमके आहे, कारण ते इथल्या माणसांबद्दल आहे. नगर जिल्ह्यातल्या किती मंडळ्यांनी वेशीबाहेरच्या पाणवठ्यासाठी झगडा केला, हा प्रश्न अडचणीचाच आहे. चर्चच्या आतही जात पुरती गेली नाही; सोयरिकी जुळवताना ती अजून दिसते. इतके मान्य करूनही मी म्हणेन की, ही धार समाधानाने बोथट झाली नाही. समाधान अर्धे घेतल्याने झाली. पूर्ण घेतलेल्यांची उदाहरणे समोर आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मभगिनींशी सिद्धान्तांवरून वाद घातला. परत येऊन त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभारले, दुष्काळातल्या मुली आणल्या. १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली, तरी मूळ भाषांतून चाललेले बायबलचे भाषांतर त्यांनी पुरे करत आणले आणि १९२२ मध्ये त्या गेल्या. या बाईला ख्रिस्ताने गप्प बसवले असे कोण म्हणेल? आणि ज्यांच्याविषयी बाबासाहेब बोलत होते, त्याच समाजातून आलेल्या मराठी ख्रिस्ती अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरला दिलेल्या व्याख्यानातून दलित ईश्वरविज्ञानाचा पाया घातला. तिथे ख्रिस्त दलितांच्या बाजूने नुसता उभा नाही, तो त्यांच्यातलाच एक आहे. देवाने मला आपले म्हटले, हे समाधान ज्याला मिळाले, त्याला पाटलाने मला हलके म्हणणे सहन होत नाही.

तिसरा आक्षेप सौम्य, पण मराठी मनाला जवळचा. ठेवले तसे राहण्याची शिकवण वारकऱ्यांनी आधीच दिली. मग यात ख्रिस्ती काय? टिळकांनी यावर हात झटकले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. अभंग, कीर्तन, भजन ही सामग्री त्यांनी आणि त्यांच्याआधी कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी उसनी घेतली नाही. ती त्यांचीच होती. फरक शोधायचा तर तो मंडळीत सापडतो. ख्रिस्ती समाधान रविवारच्या उपासनेला, प्रभुभोजनाच्या एका भाकरीला, एकमेकांच्या आजारपणाला बांधलेले आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतला कापणीचा सण पाहावा. शेतकरी ज्वारी-बाजरी आणतो, कोणी कोंबडी, कोणी भोपळा, कोणी डझनभर अंडी. उपासना संपली की आवारात लिलाव सुरू होतो. चाळीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, घेणारा तो पुन्हा टेबलावर ठेवतो, आणि तोच भोपळा दुसऱ्यांदा विकला जातो. बाजाराच्या गणितात हा वेडेपणा ठरेल. पण ‘मला पुरले’ हे इथे मनात म्हणून भागत नाही, चारचौघांत भोपळा उचलून म्हणावे लागते. हरेगावलाही तेच. ८ सप्टेंबरच्या, म्हणजे मारियेच्या जन्मदिनाच्या सुमारास मतमाउलीला येणाऱ्यांत ऊसतोड करणारे असतात, कारखान्यातले असतात, ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. मागणे घेऊन आलेला माणूस शेजारच्याचे मागणे ऐकतो, आणि त्याच्यासाठीही एक मेणबत्ती लावतो.

या मापाने आजच्या काही प्रार्थना सभा मोजल्या तर त्या उणे पडतात. विश्वास ठेव म्हणजे नोकरी लागेल, प्लॉट होईल, व्हिसा मिळेल, अशी हमी व्यासपीठावरून दिली जाते. हे कैदेतल्या पौलाच्या नेमके उलट आहे. आजारी माणसाने बरे होण्यासाठी प्रार्थना करावी, त्यात गैर काहीच नाही. पण बरकतीला विश्वासाची पावती मानले की नापास झालेला, कर्जात बुडालेला, मूल गमावलेला माणूस आपोआप अविश्वासी ठरतो. रमाबाईंनाही मग त्याच रांगेत बसवावे लागेल. उलट टोकाला, सोसा आणि गप्प राहा एवढेच सांगणारे पाळकही आहेत, आणि बाबासाहेबांचा आक्षेप त्यांना आजही तंतोतंत लागू पडतो. दोघांचीही चूक एकच: दोघेही समाधान प्रत्येकाच्या खाजगी खात्यात जमा करतात. म्हणून ‘अभंगांजली’ वाचणाऱ्या प्रत्येकाने ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवावीत, आणि स्वतःला तृप्त म्हणवणाऱ्या प्रत्येक पाळकाने, फादरने, बापाने, नवऱ्याने आपल्या तृप्तीचा हिशेब घरातल्या आणि मंडळीतल्या सर्वांत दमलेल्या माणसाकडून तपासून घ्यावा. त्याने सही केली, तरच ते समाधान ख्रिस्ताच्या नावावर मांडता येईल.