एक्का राखून कधी ठेवायचा?

पत्त्यांतली अक्कल : लेखांक ६

हळदीची शिजवणी-वाळवणी आटोपली की मृग लागेपर्यंत आमच्या नरसी नामदेवात दुपारचे मेंढीकोटाचे डाव बसतात. मागच्या आठवड्यात अशाच एका डावाशेजारी बसून मी ब्रिजची बोली समजावत होतो. बोलीपर्यंत सगळं पटलं. एक्का हातात असताना तो पहिल्या फेरीला टाकायचा नाही म्हटल्यावर मात्र एक भिडू उसळलाच : "एक्का हाय ना, मंग मार की! राखून काय लोणचं घालायचं का त्याचं?" आजचा लेखांक त्या प्रश्नासाठी.

प्रश्न वाजवी आहे. मेंढीकोटात दश्शी पदरात पाडून घ्यायची असते, त्यामुळे मोठं पान दिसलं की हात ओढायचा ही सवय हाडीमाशी खिळते. ब्रिजमध्येही बावन्नच पानं, चारच खेळणारे, समोरचा भिडू तोच, आणि हुकूमही असतो. फरक आहे तो खेळण्याआधी दिलेल्या शब्दाचा. आपण किती हात करणार हे आधी बोलायचं आणि तेवढे करून दाखवायचे. ही कल्पना आज वापरतो त्या रूपात हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन माणसाने १९२५ मध्ये पनामाच्या बाजूने चाललेल्या एका जहाजावर बसवली. जास्त हात झाले तरी, बोललाच नसाल तर गेमचं मोठं बक्षीस नाही, ही त्यातली खरी मेख.

आता पानं बघू. दक्षिणेकडे तुम्ही बसलात. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का, सत्ती, चव्वी. बदामचा एक्का, राजा, छक्की. चौकटचा एक्का, गुलाम, पंजी, दुर्री. आणि किलवरची नव्वी, छक्की, तिर्री. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ या हिशोबाने तुमचे १६ गुण. तुम्ही 'एक नो ट्रम्प' (बिनहुकमी) म्हणता, म्हणजे १५ ते १७ गुण आहेत आणि पानं चारही रंगांत सारखी वाटलेली आहेत.

समोरच्या भिडूकडे इस्पिकची अठ्ठी, पंजी. बदामची राणी, अठ्ठी, चव्वी. चौकटची सत्ती, छक्की, चव्वी. आणि किलवरचा एक्का, राणी, गुलाम, दश्शी, पंजी. गुण ९. तुमच्याशी बेरीज २४ ते २६ होणार, आणि नो ट्रम्पचा गेम साधारण २५ गुणांवर बोलतात. तो किलवरचं नावही काढत नाही. थेट 'तीन नो ट्रम्प' म्हणतो.

इथे नवशिक्याला वाटतं, किलवरची पाच पानं आहेत तर किलवर हुकूम का नको? कारण साधं आहे. गेमला बोलीचे १०० गुण लागतात, ते पानांच्या गुणांहून वेगळे. किलवर-चौकटला सहाच्या वरच्या दर हाताला २०, म्हणजे पाचची बोली, म्हणजे अकरा हात. नो ट्रम्पला पहिल्याला ४० आणि पुढच्यांना ३०, म्हणून तीनची बोली आणि नऊच हात पुरतात. एवढी किलवरं असताना भिडूने ती लपवली, यात चलाखी नाही. नऊ हात अकरापेक्षा सोपे आहेत, एवढंच.

'दोन नो ट्रम्प' म्हणून विचारून का नाही बघायचं? हिशोब करा. व्हल्नरेबल (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले) नसताना 'तीन' बोलून नऊ हात झाले तर ४०० मिळतात, 'दोन' बोलून नऊ झाले तर १५०. 'तीन' बोलून आठच झाले तर ५० जातात, 'दोन' बोलून आठ झाले तर १२० मिळतात. धाडस जमलं तर २५० चा फायदा, फसलं तर १७० चा तोटा. म्हणजे शंभरातून चाळीस-एकेचाळीस वेळा यश मिळणार असेल तरी गेम बोलणं परवडतं. व्हल्नरेबल असताना तर तेहतीस वेळा पुरे. भिडूकडे आठ गुण आणि सपाट पानं असती तर त्याने 'दोन' म्हणून थांबणं योग्य ठरलं असतं. नऊ गुण आणि लांब, भक्कम किलवर असताना नाही. पुष्कळ लोक पिसलेल्या पानांना दोष देतात, पण गेम निसटतो तो बहुतेक वेळा या चाळीस टक्क्यांच्या हिशोबाकडे काणाडोळा केल्यामुळे.

उतारी पश्चिमेची. इस्पिकची छक्की पडते. डमीची म्हणजे भिडूची पानं टेबलावर मांडली जातात. आता थांबायचं. पहिलं पान टाकायच्या आधी किती हात होतात ते मोजायचं. मी शिकवतो तेव्हा इथे डमीचं पानसुद्धा उचलू देत नाही.

पक्के हात : इस्पिकचा १, बदामचे ३, चौकटचा १, किलवरचा १. सहा. हवेत नऊ. उरलेले तीन किलवरमधून यायचे. किलवरचा राजा विरोधकांकडे आहे. तुमच्या हातातून नव्वी खेळायची, पश्चिमेने राजा नाही टाकला तर डमीची पंजी टाकायची. राजा पश्चिमेकडे असेल तर तो सापडतो. पूर्वेकडे असेल तर तो एक हात घेतो आणि मग डमीची चार पानं चार हात करतात. एक, तीन, एक, चार. बरोबर नऊ. म्हणजे ही खेळी, फिनेस, हरली तरी डाव आपला. मग अडचण कुठे आहे? राजा घेतल्यावर पूर्व काय परत खेळेल तिथे.

समजा सुरुवातीच्या त्या मेंढीकोटवाल्याच्या सल्ल्याने पहिल्याच फेरीला एक्का मारला. पश्चिमेकडे इस्पिकचा राजा, गुलाम, नव्वी, छक्की, तिर्री होती आणि पूर्वेकडे राणी, दश्शी, दुर्री. पूर्वेची राणी एक्क्याखाली गेली. तुम्ही किलवरची नव्वी खेळलात, पूर्वेने राजाने मारली आणि इस्पिकची दश्शी परत दिली. पश्चिमेने ती गुलामाने उचलली, राजा वाजवला, मग नव्वी आणि तिर्री. इस्पिकचे चार आणि किलवरचा एक, पाच हात त्यांचे. तुमचे आठ. एक हात कमी पडला, आणि एक्का तर मारला होता!

आता दुसरं. राणीवर चव्वी टाका. पूर्व दश्शी परत देतो, तिच्यावर सत्ती टाका. त्याने दुर्री खेळली की मग एक्का घ्या. त्यांचे दोन हात झाले, झाले तर होऊ द्या. पूर्वेकडे आता इस्पिक उरलंच नाही. नव्वी फिरवा, पूर्वेने राजा घेऊ दे. पश्चिमेचे इस्पिकचे राजा-गुलाम जिवंत आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला पूर्वेकडे पान नाही. तो बदाम देईल नाहीतर चौकट. दोन्हीकडे तुमचे एक्के बसलेत. चौकट आली तर गुलाम लावून बघायचा मोह टाळा, एक्काच घ्या. नऊ हात.

इस्पिक विरोधकांत कशी वाटली गेली असतील याच्या शक्यताही बघून ठेवा. विरोधकांकडे आठ पानं आहेत. ती ५-३ असण्याची शक्यता ४७ टक्के, ४-४ ची ३३, ६-२ ची १७ आणि ७-१ ची ३ टक्क्यांच्या आत. ४-४ असतील तर ते इस्पिकचे तीनच हात करतील, वर किलवरचा राजा. चार गमावून नऊ उरतात. ६-२ असतील तर पूर्वेची पानं त्याआधीच संपतात. दोनदा एक्का राखला की या सगळ्या वाटण्यांत तुम्ही तरता. किती वेळा राखायचा याला खेळाडू सातचा नियम लावतात : त्या रंगाची तुमची आणि डमीची पानं मिळून पाच, सातातून पाच वजा, उरले दोन. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये म्हणतात, पण इथे हातचं कुठेही पळत नाही. एक्का तिसऱ्या फेरीलाही एक्काच असतो.

एक सावधगिरी. दुसऱ्या एखाद्या रंगात याहून मोठं भगदाड असेल आणि विरोधकांनी तिकडे वळावं असं वाटत नसेल, तर एक्का लगेच घ्यावा. राखून ठेवणं हे साधन आहे, रीत नव्हे. जो नुकताच शिकलाय तो प्रत्येक डावात एक्का दाबून बसतो, हेही पाहिलंय.

उतारीच्या त्या छक्कीतही बातमी होती. लांब रंगातलं वरून चौथं पान टाकायची पद्धत असेल तर अकरातून सहा वजा करा : पाच. म्हणजे छक्कीहून मोठी पाच पानं बाकी तिघांकडे. डमीची अठ्ठी, तुमचे एक्का आणि सत्ती, मग पूर्वेकडे नेमकी दोन. राणी आणि दश्शी, हिशोब जुळला. पूर्वही हेच गणित करून तुमच्याकडे छक्कीवरची दोन पानं आहेत हे ओळखतो. यात लपवाछपवी चालत नाही. भिडूशी ठरवलेल्या खुणा विरोधकांना सांगाव्या लागतात. मेंढीकोटात खोकून आणि डोळा मारून जे चालतं, त्यापायी ब्रिजमध्ये करिअर संपतं : २०१५ मध्ये इस्रायलच्या फिशर-श्वार्ट्झ या जोडीचं असंच झालं. बोली संपल्यावर पानं ठेवायचा बोर्ड टेबलावर कुठे ठेवायचा, यातून ते एकमेकांना खुणा करत असल्याचं उघड झालं.

पत्ते म्हटलं की जुगार, असं आमच्याकडे वडीलधारे म्हणतात. त्यांना एक निकाल सांगावा. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सिकंदराबादच्या एका क्लबमधल्या रमीचं प्रकरण आलं होतं. आरोप हैदराबाद गॅम्बलिंग ॲक्टखाली होता, म्हणजे १९५६ पर्यंत आपला परभणी-हिंगोलीचा मुलूख ज्या राज्यात होता त्याचाच हा कायदा. न्यायालयाने रमी प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवली, आणि तिच्यातला नशिबाचा भाग ब्रिजच्या वाटपातल्या नशिबासारखाच असल्याचं म्हटलं. स्पर्धेच्या ब्रिजमध्ये तर तेही काढून टाकतात : तीच बावन्न पानं बोर्डात घालून दुसऱ्या टेबलावर नेतात, त्यामुळे तुम्हाला वाईट पानं आली ही तक्रारच उरत नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण आणलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते.

आणि ब्रिज मुंबईच्या क्लबांचाच आहे, हे मनातून काढा. मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा नावाचं गाव आहे, तिथले शेतकरी वर्षानुवर्षं ब्रिज खेळतात. नरसीत अजून चौघांची एक बैठकही जमलेली नाही, पण मोबाईलवर ब्रिज बेस ऑनलाइन फुकट आहे, आणि मेंढीकोटवाल्याला हुकूम, भिडू नि उतारी शिकवावी लागत नाहीत. निम्मं काम झालेलंच असतं.

पुढच्या आठवड्यापर्यंत हा डाव सोडवून ठेवा. पानं तीच, फक्त किलवर उलटं करा : एक्का, राणी, गुलाम, दश्शी, पंजी तुमच्या हातात आणि नव्वी, छक्की, तिर्री डमीकडे, आणि तुमच्या चौकटची पंजी नि दुर्री डमीला देऊन पानं तेरा-तेरा करून घ्या. आता डमीकडून खेळलेला फिनेस हरला तर हात पश्चिमेकडे जातो, आणि इस्पिक त्याच्याकडेच आहेत. अशा वेळी एक्का राखून काही मिळतं का? इस्पिक ४-४ असतील तर काय? उत्तर कागदावर लिहा, मग वाचायला या.