पाय मुरगळला की सांधा निखळला?

हर्सूल टी पॉइंटवरून जळगाव रस्त्याला लागले की ट्रक, एसटी, ट्रॅक्टर आणि दुचाकी यांची दाटी असते. अशा रस्त्यावर दुचाकी घसरते, पाय गाडीखाली अडकतो आणि पाऊल आतल्या बाजूला वळून तसेच राहते. जमलेल्यांतला एक जण हमखास म्हणतो, ‘मुरगळलाय, जरा ओढा, बसेल जागेवर.’ दुसरा ओळखीच्या हाडवैद्याचे नाव सुचवतो. हेतू चांगलाच असतो. पण त्या माणसाचे पुढचे चालणे बऱ्याचदा याच निर्णयावर अवलंबून असते.

पाय मुरगळतो तेव्हा सांध्याचे बंध (लिगामेंट) ताणले जातात किंवा फाटतात. हाडे मात्र जागेवर राहतात. सांधा निखळतो तेव्हा हाडेच एकमेकांपासून सरकतात. पावलाचा आकार बदलला असेल, ते वाकडे दिसत असेल आणि हलवताच येत नसेल, तर ते मुरगळणे नव्हे.

एका पावलात 26 हाडे असतात. त्यांपैकी घोट्यातले टालस हे हाड नाजूक परिस्थितीत असते. त्याच्या सुमारे 60 टक्के पृष्ठभागावर कूर्चा असते आणि त्याला एकही स्नायू जोडलेला नसतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी. टालसखालचे सांधे निखळले की या वाहिन्या ताणल्या जातात. रक्तपुरवठा तुटला तर हाडाचा भाग मरतो आणि पुढे खचतो. दुसरा धोका त्वचेचा. सरकलेले हाड त्वचेला आतून रेटते, ती पांढरी पडते आणि काही तासांत मरू शकते. तसे झाले की बंद दुखापत उघडी होते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. म्हणूनच ‘लेप लावू, सकाळी बघू’ हे महागात पडते.

रुग्णालयात डॉक्टर आधी पावलाची नाडी आणि बोटांची संवेदना तपासतात, मग एक्स-रे काढतात. नाडी लागत नसेल किंवा त्वचा धोक्यात असेल तर एक्स-रेसाठीही थांबत नाहीत. गुंगीचे औषध देऊन गुडघा वाकवतात. त्यामुळे पोटरीचा स्नायू सैल पडतो. सहकारी मांडी धरून ठेवतो आणि डॉक्टर टाच धरून ओढ देत पाऊल जागेवर आणतात. त्यानंतर पुन्हा नाडी, पुन्हा एक्स-रे आणि बहुधा सीटी स्कॅन, कारण निखळण्यासोबत बारीक फ्रॅक्चर लपलेले असू शकते. मग साधारण 4 ते 6 आठवडे प्लास्टर.

काही वेळा स्नायूचा दोर (टेंडन) किंवा हाडाचा तुकडा सांध्यात अडकतो. मग कितीही ओढले तरी सांधा बसत नाही. शस्त्रक्रियाच करावी लागते. रस्त्यावर ओढणाऱ्याला आत काय अडकले आहे, हे दिसत नाही. धोका तिथेच आहे.

पाऊल सरळ दिसले म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. पावलाच्या मध्यभागी होणारी लिसफ्रांक दुखापत फसवी असते. जाक लिसफ्रांक या फ्रेंच सर्जनचे नाव तिला मिळाले आहे. पाय टेकवता येत नाही आणि तळव्यावर काळेनिळे दिसते, ही तिची खूण. झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये ती सुटू शकते. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ असूनही काही दिवसांत पायावर उभे राहता येत नसेल, तर पुन्हा दाखवायलाच हवे.

घटनास्थळी करायच्या गोष्टी साध्या आहेत. पाऊल ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत उशी किंवा पुठ्ठ्याचा आधार देऊन हलकेच बांधा. ओढू नका, चोळू नका, चालवू नका. बुटाची नाडी सैल करा. बूट सहज निघत नसेल तर ओढून काढू नका. जोडवी, पैंजण सूज चढण्यापूर्वी काढा. बर्फ कापडात गुंडाळून लावा. जखम असेल तर हळद किंवा चुना न लावता स्वच्छ कापडाने झाका. रुग्णाला चहा-बिस्किटे देऊ नका. भूल द्यायची वेळ आली तर भरलेले पोट अडचणीचे ठरते. 108 वर फोन करून मोफत रुग्णवाहिका बोलवा. बोटे गार, पांढरी किंवा बधिर पडली असतील तर ते फोनवरच सांगा.

हर्सूलहून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजेच घाटी, काही किलोमीटरवर आहे. अंतर मोठे नाही. वेळ जातो तो तेल, लेप आणि सल्ल्यांत. तेवढा वाचवला तर पाय वाचण्याची शक्यता खूप वाढते.